पाय कुणाचाच नव्हता

मोटर ट्रेनिंग स्कूलच्या गाडीत एक आजार असा लपून राहू शकतो, जो दुसऱ्या कुठल्याही गाडीत लपणार नाही. मधेच बंद पडण्याचा. तुमची-आमची गाडी चालता चालता बंद पडली तर आपण तडक गॅरेज गाठतो. शिकाऊ गाडी मात्र दिवसभर बंदच पडत असते. क्लच पटकन सोडला, बंद. ब्रेक मारताना क्लच विसरला, बंद. चढावर घाबरून दोन्ही पाय उचलले, बंद. अशा गाडीचं इंजीन खरोखरच आजारी पडलं तर ते कळणार कुणाला? आमच्याकडे ते कुणालाच कळलं नाही आणि सगळा दोष गेला एका बाईच्या पायावर.

मी तेव्हा डोंबिवली पूर्वेला एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये बायकांना गाडी शिकवायचे. नव्वदचं दशक संपत आलेलं. बायकांना शिकवायला बाईच आहे म्हटल्यावर आमच्याकडे गर्दी बरी असायची. माझा आवाज मोठा, डोकं तापट. पहिल्या दिवशी निम्म्या जणी माझ्यामुळेच रडायच्या आणि शेवटच्या दिवशी घरून लाडू करून आणायच्या. माझ्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक होते. शिकणारीने क्लच दाबला की माझ्याकडचा क्लचही आपोआप खाली जायचा, कारण दोन्ही एकाच दांडीला जोडलेले. त्यावर माझा पाय नुसता टेकलेला असायचा. त्यामुळे मला बायकांचे चेहरे कमी आणि पाय जास्त ओळखू यायचे. कोण घाईची, कोण चिकट, कोण घरी भांडून आलीय, सगळं तळपायाला कळायचं.

त्या वर्षी आमच्या मालकांनी नवी गाडी घेतली. फ्युएल इंजेक्शनची. कार्बोरेटर नाही, सकाळी चोक ओढून मनधरणी करणं नाही. चावी फिरवली की चालू. डॅशबोर्डखाली एक चपटा डबा होता, तोच म्हणे कॉम्प्युटर, किती पेट्रोल सोडायचं आणि कधी ठिणगी पाडायची ते तोच ठरवतो. आमच्या नेहमीच्या मेकॅनिकने बॉनेट उघडून बराच वेळ बघितलं आणि हात न लावता परत लावलं. मालक मात्र हार घातलेल्या गाडीशेजारी नवरदेवासारखे उभे होते.

आणि त्याच सुमारास मावशी शिकायला आली.

मावशी म्हणजे खाडीकाठच्या गावातली कोळीण. वय चाळिशीच्या पुढे, मार्केटात मासळीचा गाळा. शेजारी तिची सासूही बसायची. तिचा नवरा पहाटे भाऊच्या धक्क्यावर जाऊन माल आणायचा, मागची सीट काढून टाकलेल्या एका जुन्या व्हॅनमधून. साखरेने त्याच्या डोळ्यांवर परिणाम झाला आणि डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं. दोन वेळा ड्रायव्हर ठेवून बघितले, दोघंही टिकले नाहीत. मग मावशीने ठरवलं की व्हॅन आपणच चालवायची. घरात एवढीच सवलत मिळाली की नारळी पुनवेपर्यंत बघू. पुनवेला नारळ पडला की धंद्याचं नवं वर्ष सुरू होतं. तोवर लायसन हातात आलं तर ठीक, नाहीतर दिराने व्हॅनला गिऱ्हाईक बघूनच ठेवलेलं. व्हॅन गेली की दुसऱ्याच्या मालावर बसायचं, म्हणजे गाळाही आज ना उद्या गेलाच.

मावशीचा पाय पहिल्या दिवसापासून मला आवडला. दमदार, पण ऐकणारा. क्लच अर्ध्यावर आणून धरायचा म्हटलं की तिथे धरायची, थरथर नाही. मी तिला म्हटलंसुद्धा, मावशी, तुमचा पाय सोन्याचा आहे. त्यावर ती हसली नाही. खाली बघून म्हणाली, "माजे पायाचा नाव नको काढू, बाय."

तेव्हा मला काही कळलं नाही. पुढे एकदा रेल्वेच्या गेटवर गाड्यांच्या रांगेत थांबलो असताना तिनेच सांगितलं. तिचं लग्न झालं त्याच वर्षी सासऱ्याची होडी फुटली. माणसं वाचली, होडी गेली. सासू भांडखोर नव्हती, सुनेला तिने कधी उपाशी ठेवलं नाही की हात उगारला नाही. पण एकदा म्हणाली की हिचा पायगुण वाईट, आणि ते वाक्य त्या घरात राहायलाच आलं. नवं जाळं आणलं की मावशीने आत जायचं. नव्या घराच्या उंबऱ्यावर आधी जाऊबाई. व्हॅन आली त्या दिवशी नारळ फुटेपर्यंत ती मोरीत भांडी घासत बसलेली. कुणी तसं सांगायचं नाही, तिची तीच उठून जायची. वीस-बावीस वर्षांत पायांना ती सवयच लागली होती. हे ऐकून माझं डोकं असं फिरलं की गेट उघडल्याचंही कळेना, मागून ट्रकवाला हॉर्न मारत बसला.

आणि मग तिच्याच वेळेला गाडी बंद पडायला लागली.

रोज नाही, पण एक दिवसाआड. चांगली चालवत असायची, मधेच इंजीन गप. चावी फिरवली तर स्टार्टर घरघर करायचा, इंजीन काही उचलायचं नाही. आम्ही दोघी ढकलून गाडी कडेला घ्यायचो, ती पदराने वारा घेत बाजूला उभी राहायची, मी वैतागून ड्रायव्हरच्या सीटवर बसायचे, आणि थोड्या वेळाने मी चावी फिरवली की गाडी पहिल्या फटक्यात चालू. म्हणजे बघा, तिच्या पायाखाली मरायची आणि माझ्या पायाखाली जिवंत व्हायची. मला तिचा क्लच रोज थोडा थोडा घाबरट होत चाललेला कळायचा.

मालकांनी निकाल देऊन टाकला. म्हणाले, "मॅडम, तिचा पाय जड आहे. नव्या गाडीची वाट लावेल. तिला दुसऱ्या स्कूलमध्ये पाठवा." मी म्हटलं, जड-हलका पाय मला कळतो, तुम्हाला पावती फाडण्यापलीकडे काय कळतं? आमची जुंपली. शेवटी माझ्या हट्टाखातर त्यांनी गाडी ठाण्याच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दिली. तिथल्या लोकांनी ती सकाळच्या गारव्यात फिरवून बघितली आणि परत पाठवली. गाडी ठीक आहे, शिकणाऱ्यांना क्लच नीट शिकवा. म्हणजे मलाच. तळपायाची आग मस्तकात गेली.

पण त्या रागानेच मला विचार करायला लावलं. रात्री पोळ्या लाटताना डोक्यात तेच. शिकाऊ माणसाने गाडी बंद पाडली की ती झटका देते. आधी धडधडते, मानेला हिसका बसतो, मग थांबते. मावशीच्या वेळी कधी हिसका बसला होता? नाही. कुणीतरी चावी फिरवावी तसं इंजीन अलगद जायचं. आणि त्याहून मोठी गोष्ट माझ्या पायाला आठवली. गेटपाशी गाडी बंद पडली तेव्हा माझ्याकडचा क्लच पूर्ण खाली होता. म्हणजे तिने क्लच पूर्ण दाबलेला होता. क्लच पूर्ण दाबला की चाकांचा आणि इंजिनाचा संबंधच सुटतो, मग पायाने इंजीन बंद पाडायचं म्हटलं तरी पडत नाही. हातातलं लाटणं तसंच राहिलं. नवरा म्हणाला, "काय झालं गं?" मी म्हटलं, तिचा पाय निर्दोष आहे. त्याला काही कळलं नाही, पोळी मात्र करपली.

माझे धाकटे दीर ठाकुर्लीला टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवायचे. मी त्यांना भाऊजी म्हणायचे. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला, स्वभाव शांत, मी दहा वाक्यं बोलले की ते एक बोलायचे. दुसऱ्या दिवशी मी त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले आणि विचारलं, "वहिनी, त्या बाई किती वाजता येतात?"

मी म्हटलं, मार्केट आवरून, भर दुपारी. सगळ्यांच्या शेवटी.

"म्हणजे गाडी सकाळपासून चाललेली असते. वर वैशाखाचं ऊन. आणि कडेला घेऊन थांबलात की ती थंड होते, मग तुम्ही चालू करता." ते समोरच्या उघड्या टीव्हीकडे बोट दाखवत म्हणाले, "हा पण तसाच आहे. तापला की चित्र जातं, निवला की येतं. आत कुठेतरी तार सुटलेली असते. गाडी घेऊन या, पण गरम असताना आणा."

मी दुसऱ्याच दुपारी गाडी काढली. मालक लायसनच्या कामाला कल्याणला गेलेले, म्हणजे विचारायचा प्रश्नच नव्हता. मावशी मार्केटातून आली तेव्हा बरोबर तिची सासू होती. काठीला आलेली, पण ताठ, कानात जुन्या घाटाची सोन्याची जड कर्णफुलं. दोघींच्या मधे थर्माकोलचा खोका, तळाशी उरलेली थोडी मासळी आणि बर्फ. म्हातारीने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि शांतपणे सांगितलं, "बाय, आता पुरं झाला. घरी मानूस आलंय व्हॅन बगायला. पुनवेपरत कशाला थांबाचा? हिला नको शिकवू." मावशी रस्त्याकडे बघत उभी होती.

मी म्हटलं, आजी, आजचा दिवस माझा. आज बसा माझ्या गाडीत, मग काय ते ठरवा. काय वाटलं कोण जाणे, ती बसली. खोका मांडीवर घेऊन मागच्या सीटवर.

मावशीच चालवत होती. ठाकुर्लीच्या फाटकाशी रांग लागली, ऊन नुसतं भाजत होतं, आणि तिथेच इंजीन गेलं. माझ्या पायाखालचा क्लच पूर्ण खाली. मी मोठ्याने म्हटलं, मावशी, क्लच सोडू नका, बघा, तुमचा पाय जिथे हवा तिथेच आहे. पण तिचं लक्षच नव्हतं, ती आरशात सासूकडे बघत होती.  सासूने नुसतं जिभेने च्यक केलं. फाटक उघडलं, मागून शिव्या सुरू झाल्या, दोघा रिक्षावाल्यांनी गाडी कडेला ढकलून दिली. थोडा वेळ गेला, मी बसले, चावी फिरवली, आणि ती कार्टी गाडी चालू झाली. म्हातारीने जे बघायचं ते बघितलं.  मला वाटलं, मी स्वतःच्या हाताने या बाईच्या व्हॅनला गिऱ्हाईक गाठून दिलं.

भाऊजींनी गाडी दुकानासमोर लावून घेतली, बॉनेट उघडलं, इंजीन चालूच ठेवायला सांगितलं. कुणीतरी दिलेल्या वायरिंगच्या झेरॉक्स त्यांच्या हातात होत्या. त्यांनी शेजारच्या लेडीज पार्लरमधून केस वाळवायचा ड्रायर मागून आणला. टीव्हीतही ते असंच करायचे म्हणे, एकेका भागाला शेक द्यायचा आणि बघायचं, कुठे दुखतंय. आधी ठिणगीच्या कॉइलला शेक दिला. काही नाही. मग एका रिलेला. काही नाही. पेट्रोलच्या पंपाचा आवाज ऐकला, तोही ठीक. पार्लरवाली दारात येऊन विचारून गेली की तिचं गिऱ्हाईक ओल्या केसांनी बसलंय, किती वेळ लागेल.  म्हातारी स्टुलावर बसून होती, खोक्यावर हात ठेवून.

मग भाऊजी खाली वाकले आणि गिअरबॉक्सच्या जवळ, अगदी आत, बोटाएवढी एक काळी वस्तू दाखवली. दोन तारा तिच्यातून निघालेल्या. म्हणाले, "वहिनी, ओढणीच्या पिना द्या." मी दिल्या. त्या दोन पिना त्यांनी तारांच्या जोडात मागच्या बाजूने हळूच सरकवल्या आणि दुकानातला ऑसिलोस्कोप बाहेर आणून स्टुलावर ठेवला. टीव्हीचे सिग्नल बघायचं ते यंत्र, छोटा गोल पडदा, त्यावर एक हिरवी रेघ. पिनांना वायरी लावल्या आणि ते बटण फिरवत बसले.

आणि पडद्यावर लाटा आल्या.

मी तोवर इतक्या जणींना गाडी शिकवली, इंजिनाच्या आवाजावर पोट भरलं, पण इंजीन असं कधी बघितलं नव्हतं. हिरव्या लाटा, एकामागून एक, सगळ्या सारख्या, आणि मधेच एक रिकामी जागा. परत लाटा, परत तेवढीच रिकामी जागा. जराही चूक नाही. मी विचारलं, हे काय आहे? भाऊजी नेहमी कमी बोलायचे, त्या दिवशी बोलले.

इंजिनाबरोबर एक दातेरी चाक फिरतं. ही काळी वस्तू म्हणजे सेन्सर, आत लोहचुंबक आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तार गुंडाळलेली. ती चाकाला शिवत नाही, नुसती जवळ असते. एकेक दात समोरून गेला की तारेत एकेक लाट उठते. "आणि ही मधली रिकामी जागा?" मी विचारलं. म्हणाले, तिथे दात मुद्दामच ठेवलेला नाही. सगळे दात सारखे असते तर त्या डब्याला कळलं नसतं की फेरी कुठे सुरू झाली. दात नाही तिथे लाट येत नाही, आणि तेवढ्यावरून त्याला कळतं की इंजीन या क्षणी नेमकं कुठे आहे. मग तो ठिणगी पाडतो. एका सेकंदात हे चाक किती फेऱ्या मारत असेल, विचार करा. प्रत्येक फेरीत तो तीच रिकामी जागा शोधत असतो.

माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. जे तिथे नाहीच, त्याच्यावर त्या सगळ्या धडधडाटाची भिस्त. मी रोज त्या इंजिनावर बसून बायकांवर ओरडत होते आणि माझ्या पायापासून हातभर अंतरावर हे चाललं होतं, न थकता, न चुकता. कुणी शोधलं असेल हे? कुणाला सुचलं असेल की एक दात काढून टाकला की यंत्राला आपली जागा कळेल? देवळातही मला असं कधी झालेलं नाही.

म्हातारी कधी उठून जवळ आली ते आम्हाला कळलंच नाही. ती पडद्याकडे बघत होती. तिने विचारलं, "ह्या कोन मोजतं?"

भाऊजींनी आतला डबा दाखवला. "तो मोजतो, आजी."

"कवापासून?"

"चावी फिरवल्यापासून. थांबतच नाही."

म्हातारीने पदर डोक्यावर घेतला, वडीलधारं माणूस समोर आल्यावर घेतात तसा.

"आता सगळ्या जणी बाहेर उभ्या राहा," भाऊजी म्हणाले. गाडीची चारही दारं उघडी होती. आत कुणी नव्हतं. इंजीन चालू. त्यांनी ड्रायरचा झोत त्या काळ्या बोटावर धरला आणि आम्ही पडद्याकडे बघत राहिलो. लाटा चालल्या होत्या. मग त्या बारीक व्हायला लागल्या. मग एखादी लाट मधेच तुटायची. मग सगळ्याच एकदम गेल्या आणि हिरवी रेघ सरळ झाली. त्याच क्षणी इंजीन गप झालं. हिसका नाही, धडधड नाही, अलगद. माझा पाय जमिनीवरच होता, पण त्याने ते ओळखलं.

"तार आत तापली की तुटते," भाऊजी म्हणाले. "लाट थांबली की डब्याला वाटतं इंजीन फिरतच नाही. मग तो पेट्रोल बंद करतो, ठिणगी बंद करतो. त्याच्या हिशेबाने तो बरोबरच करतो. वहिनी, जरा स्टार्टर मारा." मी बाहेरूनच हात घालून चावी फिरवली. स्टार्टर इंजीन फिरवत होता, घरघर ऐकू येत होती, पण रेघ सरळच.

म्हातारी गाडीकडे वळली होती. ती उघड्या दारातून आत बघत होती. रिकामी सीट, खाली रबरी मॅट, त्यावर तीन पेडल. काठीने तिने मॅटकडे दाखवलं आणि म्हणाली, "आत कोनाचा पाय नव्हता."

 मावशी जिथे उभी होती तिथेच उभी राहिली, फक्त तिचा हात शेजारच्या खांबावर गेला.

भाऊजींना यातलं काही माहीत नव्हतं. ते आपल्याच नादात होते. म्हणाले, "आता हा थंड करायला हवा. टीव्हीला मी स्प्रे मारतो, पण तो संपलाय." तेवढ्यात म्हातारीने खोका उघडला. बर्फ. बोंबील आणि दोन मांदेल्या बाजूला सारून तिने मूठभर बर्फ काढला आणि त्यांच्यापुढे धरला. आता आमचं सासर म्हणजे कांदासुद्धा चतुर्थीला न खाणारं. भाऊजींच्या चेहऱ्यावर एक क्षण जे काही आलं ते मी कधी विसरणार नाही. पण विद्येपुढे त्यांनी मान तुकवली. बर्फ पिशवीत घातला, पिशवी त्या काळ्या बोटावर दाबून धरली. पाण्याचे ओघळ कोपरापर्यंत आले, वास सगळ्या दुकानात भरला. पुढे आठवडाभर लोक टीव्ही घ्यायला येऊन नाकाला रुमाल लावायचे.

"आता कुणीतरी चालू करा," ते म्हणाले. मी पुढे झाले आणि थांबले. मी मावशीला म्हटलं, तुम्ही करा.

ती जागची हलेना. पुन्हा सांगितल्यावर आली, बसली, क्लच दाबला आणि चावी फिरवली. पडद्यावर लाटा उठल्या, मधली रिकामी जागा परत आली आणि गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली. मावशीने स्टीअरिंगवर कपाळ टेकलं आणि तशीच राहिली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. इंजीन चालूच होतं.

परत जाताना म्हातारीने एवढंच विचारलं, की आपल्या व्हॅनमध्ये ते मोजणारं आहे का. मी सांगितलं, नाही, ती जुन्या पद्धतीची आहे. तिला जरा वाईट वाटल्यासारखं दिसलं. घरी आलेल्या गिऱ्हाइकाचं काय झालं ते मी विचारलं नाही, पण दुसऱ्या दिवशी मावशी वेळेवर शिकायला आली.

मालकांना सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मी म्हणतच होतो, गाडीत काहीतरी आहे." मी हात जोडले. नवा सेन्सर ठाण्याहून मागवला, भाऊजींनी आणि मेकॅनिकने मिळून बसवला. मेकॅनिकने या वेळी बॉनेट उघडून बराच वेळ प्रश्न विचारले. भर दुपारी मावशीने ती गाडी फाटकाच्या रांगेत उभी केली, ऊन तेच, रांग तीच, आणि इंजीन चालत राहिलं. आमच्या पायाखाली ते मोजणं चाललं आहे हे आता आम्हा दोघींना माहीत होतं, त्यामुळे आम्ही उगाच गप्प बसलो होतो. कल्याणला टेस्ट झाली. आरटीओच्या साहेबांनी रिव्हर्स घ्यायला लावली, चढावर थांबवून उचलायला लावली. तिने अशी उचलली की त्यांच्या हातातला चहा हलला नाही.

नारळी पुनवेला मावशीने मला बोलावलं. गावात सगळीकडे गडबड, होड्या रंगवलेल्या, खाडीला नारळ द्यायची तयारी. अंगणात व्हॅन धुऊन उभी, झेंडूची माळ घातलेली. मावशीचा नवरा काळा चष्मा लावून खुर्चीत बसलेला, दीर, जाऊबाई, शेजारपाजार सगळे जमलेले. पूजा झाली. आता कुणीतरी व्हॅनमध्ये आधी पाय ठेवायचा, मग नारळ फुटायचा, मग ती रस्त्याला लागायची. मी बघत होते. मावशी लुगडं सावरत, कुणीही न सांगता, हळूहळू मागे सरकली आणि मोरीकडे वळली.

"अगो," म्हातारीने हाक मारली. "तिकरं कुठं चालली? तुजा पाय लागूदे आदी."

 जाऊबाई बाजूला झाली. मावशी परत आली, सासूकडे एकदा बघितलं आणि दार उघडलं.

"उजवा पाय," म्हातारी म्हणाली. "उजवा टाक आदी."

आता ड्रायव्हरच्या दारातून आधी उजवा पाय टाकून बसणं म्हणजे काय दिव्य असतं ते ज्याने करून बघितलंय त्यालाच माहीत. गुडघा स्टीअरिंगला लागतो, डावा पाय बाहेर अडकतो, माणूस तिरपा होतो. मी बायकांना पहिल्याच दिवशी दटावून सांगते, डावा पाय आधी. त्या दिवशी मी तोंड गच्च मिटून उभी राहिले. मावशी तिरपी झाली, धडपडली, दाराला धरून आत गेली, आणि तिने उजवाच पाय आधी टाकला.